चाचणी नेमकं काय मोजते? सातवीच्या एका विज्ञान चाचणीचा प्रकरण-अभ्यास

सातवीच्या एका वर्गात ‘घनता आणि तरंगणं’ हा घटक शिकवून झाला आणि वीस गुणांची, चाळीस मिनिटांची घटक चाचणी झाली. निकाल पाहून विज्ञानाच्या शिक्षिका अस्वस्थ झाल्या. वर्गाची सरासरी नेहमीसारखीच होती, खटकला तो गुणांचा क्रम. प्रयोगाच्या तासाला पाण्याच्या टबाजवळ उभं राहून कोणती वस्तू बुडेल आणि का, हे अचूक सांगणारी काही मुलं यादीच्या तळाला होती. त्याच तासाला गप्प राहिलेल्या, किंवा सरळसरळ चुकीचा अंदाज केलेल्या काहींना जवळजवळ पूर्ण गुण होते. दोन्ही निरीक्षणं एकाच शिक्षिकेची, एकाच महिन्यातली. मग खरं कोणतं मानायचं?

हा वर्ग अभ्यासासाठी रचलेला आहे, त्यातली माणसं आणि त्यांचे गुण काल्पनिक आहेत. त्यातल्या अडचणी मात्र ज्यांनी कधी प्रश्नपत्रिका काढली आहे त्या प्रत्येकाच्या ओळखीच्या असतील.

पाच मुलं

पहिली मुलगी दोन वर्षांपूर्वी या शाळेत आली. घरची भाषा वेगळी, शाळेची वेगळी. मैदानावर ती सगळ्यांशी सफाईने बोलते, त्यामुळे तिला भाषेची अडचण आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. जिम कमिन्स यांनी १९८१ च्या सुमारास दाखवून दिलेली गोष्ट इथे नेमकी लागू पडते: नव्या भाषेत बोलणं साधारण दोन वर्षांत जमतं, पण पाठ्यपुस्तकाची आणि प्रश्नपत्रिकेची भाषा हाताशी यायला पाच ते सात वर्षंही लागतात. तिला चाचणीत ७ गुण मिळाले.

दुसऱ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे. वाचायला वेळ लागतो, अक्षरं उलटसुलट होतात. त्याला ८. तिसऱ्या मुलाला लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. त्याला स्वतःलाही हे नुकतंच कळलं होतं, शिक्षिकेला ठाऊकच नव्हतं. त्याला १४. चौथी मुलगी वर्गात पहिली येणारी: सुंदर अक्षर, पाठांतर पक्कं, १९ गुण. पाचव्या मुलाला कसलीच नोंदलेली अडचण नाही, तो वेळेआधी पेपर देऊन मोकळा झाला, आणि त्याला ६ मिळाले.

‘विविध गरजांची मुलं’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहिली दोन, फार तर तीन नावं येतात. माझ्या मते या प्रकरणात चौथी मुलगी त्यांच्याइतकीच महत्त्वाची आहे. तिच्यावरही त्या चाचणीने अन्याय केला होता, फक्त तो गुण वाढवून केलेला असल्यामुळे कुणी तक्रार केली नव्हती.

प्रश्नपत्रिका उलगडून पाहताना

शिक्षिकेने शाळेतल्या विशेष शिक्षिकेला सोबत घेतलं. दोघींनी आधी मुलांचे पेपर बाजूला ठेवले आणि कोऱ्या प्रश्नपत्रिकेकडे पाहिलं. हे पाऊल मला मोलाचं वाटतं, कारण उत्तरपत्रिका हातात असली की चूक मुलातच दिसते.

घटकाची उद्दिष्टं तीन होती. घनता हा पदार्थाचा गुणधर्म आहे, वस्तूच्या आकारावर किंवा तुकड्यावर तो अवलंबून नाही, हे समजणं. वस्तुमान आणि आकारमान दिलं असता घनता काढून तुलना करणं. आणि समोर दिसलेल्या निरीक्षणाचं घनतेच्या आधारे स्पष्टीकरण देणं. आता वीस गुणांतले किती गुण कुठे गेले होते?

व्याख्येला २ आणि रिकाम्या जागांना ३, म्हणजे पाच गुण निव्वळ आठवणीला. रिकाम्या जागेत शब्द अशुद्ध लिहिला तर शून्य. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाने तिन्ही जागी योग्य शब्द लिहिले होते, त्यातले दोन वाचता येत होते पण शुद्ध नव्हते. गेले.

तिसरा प्रश्न ४ गुणांचा: आर्किमिडीज आणि राजमुकुटाची गोष्ट. चांगली गोष्ट आहे, पण प्रश्नात ती अर्धं पान चालली होती, आणि ‘भेसळ’, ‘कारागीर’, ‘संशय’ अशा शब्दांतून वाट काढल्यावर शेवटी दोन आकडे हाती येत होते: वस्तुमान ९६५ ग्रॅम, आकारमान ६० घन सेंटिमीटर. शुद्ध सोन्याची घनता १९.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. मुकुट शुद्ध सोन्याचा आहे का? घनता येते साधारण १६.१, म्हणजे नाही. पण ९६५ ला ६० ने भागणं हा वेगळाच खटाटोप. कित्येक मुलांनी मांडणी बरोबर केली आणि भागाकारात अडकली. हा प्रश्न एकाच वेळी वाचन, शब्दसंग्रह, भागाकार आणि घनता अशा चार गोष्टी मोजत होता, आणि गुण कापले गेले तर त्यातल्या कुठल्या गोष्टीसाठी, हे उत्तरपत्रिका पाहून सांगता येत नव्हतं.

चौथ्या प्रश्नात आलेख. दोन पदार्थांच्या दोन रेषा, एक लाल, एक हिरवी. ‘लाल रेषेचा पदार्थ जास्त घनतेचा आहे की हिरव्या?’ तिसऱ्या मुलाचे तीनही गुण इथे गेले होते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये रंगांधत्वाचं प्रमाण सुमारे ८ टक्के आढळतं, इतर वंशांत ते कमी असतं. तरीही बहुतेक वर्गांमध्ये असं एखादं मूल असण्याची शक्यता धरूनच चालावं. रेषेच्या टोकाशी नाव लिहिलं आणि एक रेषा तुटक काढली की प्रश्न मिटतो. खर्च शून्य.

पाचवा प्रश्न पाच गुणांचा: ‘लाकूड पाण्यावर का तरंगते ते सविस्तर लिहा.’ याच्याकडे पुन्हा येऊ. सहाव्यात तीन बहुपर्यायी प्रश्न, त्यातले दोन ‘खालीलपैकी कोणते विधान चूक नाही?’ अशा घाटाचे. दुहेरी नकार सोडवता येणं हे घटकाच्या कुठल्याही उद्दिष्टात नव्हतं.

मूल्यमापनशास्त्रात सॅम्युअल मेसिक यांनी १९८९ मध्ये वैधतेला, म्हणजे चाचणी जे मोजायचं तेच मोजते का याला, असलेले दोन मोठे धोके मांडले. जे मोजायचं नव्हतं ते गुणांमध्ये मिसळणं हा एक, आणि जे मोजायचं होतं त्याचा मोठा भाग सुटून जाणं हा दुसरा. समावेशक मूल्यमापनाची चर्चा बहुतेक वेळा पहिल्या धोक्यापाशी थांबते: भाषा सोपी करा, वेळ वाढवा, अक्षर मोठं करा. इथे दुसरा धोका तितकाच मोठा होता. पहिलं उद्दिष्ट, म्हणजे या घटकाचा गाभा, फक्त सहाव्या प्रश्नाच्या तीन गुणांत होता, आणि त्यातले दोन दुहेरी नकारांचे. समज तपासणारा प्रश्न जवळजवळ नव्हताच.

दोन उत्तरं शेजारी शेजारी

पाचव्या प्रश्नाला चौथ्या मुलीचं उत्तर असं होतं: ‘ज्या पदार्थाची घनता पाण्याच्या घनतेपेक्षा कमी असते तो पदार्थ पाण्यावर तरंगतो. लाकडाची घनता पाण्याच्या घनतेपेक्षा कमी असते. म्हणून लाकूड पाण्यावर तरंगते.’ पाचपैकी पाच.

पहिल्या मुलीचं उत्तर: ‘पाणी तेवढंच घेतलं तर जास्त जड. लाकूड तेवढंच कमी जड. म्हणून वर.’ पाचपैकी एक. शेजारी लाल शेरा: वाक्ये अपूर्ण.

विशेष शिक्षिका विज्ञानाच्या नव्हत्या, म्हणून त्यांनी साधा प्रश्न विचारला. “मॅडम, घनता म्हणजे तेवढ्याच जागेत किती वस्तुमान मावतं ते, बरोबर? मग हिने तेच तर लिहिलंय.” विज्ञानाच्या शिक्षिकेने दोन्ही उत्तरं पुन्हा वाचली. ‘तेवढंच’ या एका शब्दात समान आकारमानाची अट होती. पाठ्यपुस्तकाच्या परिच्छेदात ती अट ‘घनता’ या शब्दाच्या पोटात दडलेली असते. तो शब्द वापरणाऱ्याला ती उमगली आहे की नाही, हे वाक्यावरून कळत नाही. पहिल्या मुलीकडे तो शब्द नव्हता, म्हणून तिला कल्पना उघडी करून मांडावी लागली.

दोन्ही उत्तरं तंतोतंत एकाच गुणांची आहेत असा याचा अर्थ नाही. शास्त्रीय संज्ञा वापरता येणं हाही विज्ञान शिकण्याचा भाग आहे, आणि पहिल्या मुलीला ‘घनता’ हा शब्द शिकवायलाच हवा. पण एक आणि पाच हे अंतर समजेचं नव्हतं.

सवलत कुठे द्यायची, कुठे नाही

नवी प्रश्नपत्रिका काढायला बसल्यावर खरा वाद सुरू झाला, आणि त्यात भाषेचे शिक्षकही ओढले गेले. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: “शुद्धलेखन फक्त माझ्या तासालाच पाळायचं का? आणि प्रश्न वाचून दाखवले, वेळ वाढवला, तर बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का होत?” हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सवलत म्हणजे पातळी खाली आणणं, अशी भीती अनेक चांगल्या शिक्षकांना वाटते, आणि बेफिकीरपणे दिलेल्या सवलतीने ती खरीही ठरते.

दोघींनी प्रत्येक सवलतीसमोर एकच प्रश्न ठेवला: ही दिली तर आपण जे मोजतो आहोत तेच आपण मुलाच्या हातात देतो का?

प्रश्न वाचून दाखवणं? वाचन हे या घटकाचं उद्दिष्ट नाही, म्हणून द्यायचं. भाषेच्या आकलनाच्या चाचणीत हेच केलं तर चाचणीचा जीवच जाईल. कॅल्क्युलेटर? भागाकार मोजायचा नाही, कशाला कशाने भागायचं हे मोजायचं आहे. म्हणून कॅल्क्युलेटर सगळ्यांना, पण सूत्र छापून द्यायचं नाही. गणिताच्या भागाकाराच्या चाचणीत हाच निर्णय उलटा झाला असता. शब्दार्थ? ‘भेसळ’ किंवा ‘ठोकळा’ याचा अर्थ विचारला तर सांगायचा, पण ‘घनता’ किंवा ‘आकारमान’ याचा नाही, कारण ते शब्द घटकातच शिकवले आहेत. शुद्धलेखन? संज्ञा ओळखू आली पाहिजे, ऱ्हस्व-दीर्घासाठी गुण कापायचे नाहीत. भाषेच्या शिक्षकांना हे पूर्ण पटलं नाही. चुका अधोरेखित करून त्यांच्याकडे पाठवायच्या आणि त्यांच्या तासाला त्यावर काम व्हायचं, एवढ्यावर ते राजी झाले.

वेळेचा मुद्दा सर्वांत अवघड ठरला. अपंगत्व असलेल्या मुलांना जास्त वेळ दिला तर त्यांचे गुण वाढतात, पण इतरांचेही काही प्रमाणात वाढतात, फक्त पहिल्यांचे जास्त, असं स्टीफन सिरेसी आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या आढाव्यात दिसतं. याचा सरळ अर्थ असा की मूळ वेळच अनेकांना अपुरा असतो. चाळीस मिनिटं ही मर्यादा विज्ञानातून आलेली नव्हती, तासिकेच्या लांबीतून आली होती. म्हणून त्यांनी प्रश्नांची संख्या कमी केली, इतकी की बहुतेक मुलं पंचवीस मिनिटांत पूर्ण करू शकतील. दोघा-तिघांना त्याहून जास्त लागला तर तो होताच. वेगळ्या खोलीत बसवून ‘जादा वेळ’ असा शिक्का मारण्याची गरज बऱ्याच अंशी उरली नाही. मला हा या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

भाषा सोपी करण्याबद्दलही पुरावा आहे. जमाल अबेदी आणि कॅरोल लॉर्ड यांनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीतले गणिताचे प्रश्न घेतले, गणित तसंच ठेवून वाक्यरचना सोपी केली. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांना त्याचा फायदा झाला. तो फार मोठा नव्हता, पण होता. विज्ञानाच्या शिक्षिकेने राजमुकुट काढून टाकला नाही, फक्त तो वर्गात गोष्ट म्हणून सांगितला आणि चाचणीतून उचलला.

नवी चाचणी

चार प्रश्न, वीसच गुण. पहिल्यात (६ गुण) चार वस्तूंची सारणी: ६० ग्रॅम आणि १०० घन सेंटिमीटर, १५० ग्रॅम आणि ५० घन सेंटिमीटर, ९० ग्रॅम आणि १०० घन सेंटिमीटर, २० ग्रॅम आणि १० घन सेंटिमीटर. कोणत्या तरंगतील? आकडे मुद्दाम असे निवडले की सर्वांत हलकी वस्तू बुडते आणि तिच्याहून साडेचारपट जड वस्तू तरंगते. ‘जड ते बुडतं’ या समजुतीवर चालणारं मूल इथे हमखास पकडलं जातं.

दुसरा (५ गुण): तरंगणाऱ्या लाकडी ठोकळ्याचे दोन समान भाग केले. एक भाग पाण्यात सोडला तर तो मूळ ठोकळ्याच्या मानाने जास्त वर तरंगेल, खाली जाईल, की तितकाच बुडलेला राहील? चित्र काढून कारण द्या. उत्तर: त्याच्या आकारमानाचा तितकाच हिस्सा पाण्याखाली राहील, कारण पदार्थ तोच, घनता तीच.

तिसरा (४ गुण) तोच आलेख, नाव लिहिलेल्या अखंड आणि तुटक रेषांचा. चौथ्यासाठी (५ गुण) शिक्षिकेने प्रयोग करून दाखवला: पॉलिस्टायरीनचा भरीव तुकडा साध्या पाण्यात बुडाला, खूप मीठ विरघळवलेल्या पाण्यात तरंगला. काय बदललं, काय बदललं नाही, आणि म्हणून काय झालं? पॉलिस्टायरीनची घनता साधारण १.०५, पाण्याची १, दाट मिठाच्या पाण्याची १.२ पर्यंत जाते. मुलांना हे आकडे दिले नव्हते, तुलना त्यांनीच ओळखायची होती.

दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर लिहून, नावं दिलेल्या आकृतीतून किंवा तोंडी देता येईल, असं सगळ्यांना सांगितलं. तोंडी उत्तरात एक धोका असतो: शिक्षकाच्या पुढच्या प्रश्नातूनच उत्तर झिरपतं. म्हणून ठरलं की शिक्षिकेने तीनच गोष्टी विचारायच्या, ‘आणखी काही?’, ‘असं का?’, ‘कशावरून?’, आणि उत्तर फोनवर ध्वनिमुद्रित करायचं.

गुणदान

डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१३ मध्ये भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे तपासायला पाठवली होती. कुणी ३० पेक्षा कमी गुण दिले, कुणी ९० पेक्षा जास्त. भूमितीत, जिथे उत्तर बरोबर किंवा चूक असतं असं आपण मानतो! त्यामुळे नुसती प्रश्नपत्रिका बदलून भागणार नव्हतं.

दोघींनी दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नासाठी आधी निकष लिहिले आणि काही निनावी उत्तरं वेगवेगळी तपासली. ‘लाकूड पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून’ या उत्तरावर त्यांचं जुळेना. एकीने त्यात घनता वाचली, दुसरीने नुसतं वजन. निकष बदलला: समान आकारमानाची तुलना कोणत्याही शब्दांत किंवा चित्रात दिसली पाहिजे. नुसतं ‘हलकं’ असेल तर अर्धे गुण. मग नावं झाकून, आणि एकेक मूल नव्हे तर एकेक प्रश्न घेऊन सगळे पेपर तपासले, म्हणजे पहिल्या प्रश्नाच्या सुंदर अक्षराची छाया चौथ्यावर पडणार नाही.

काय दिसलं

पहिल्या मुलीला १५, दुसऱ्या मुलाला १४, तिसऱ्याला १७. चौथ्या मुलीला १२. पहिला प्रश्न तिने बिनचूक सोडवला, आणि दुसऱ्यात लिहिलं: ‘अर्धा ठोकळा हलका झाला म्हणून तो जास्त वर तरंगेल.’ व्याख्या तोंडपाठ, आणि तिच्या खाली ‘हलकं ते वर’ ही जुनी समजूत जशीच्या तशी.

पाचव्या मुलाला दोन्ही वेळा ६. माझ्या दृष्टीने हा आकडा सर्वांत बोलका आहे, कारण न्याय्य चाचणी म्हणजे सगळ्यांचे गुण वाढवणारी चाचणी, असा समज त्याने खोटा ठरतो. पहिल्या चाचणीतल्या ६ वरून त्याच्याबद्दल काहीच कळत नव्हतं. दुसऱ्या चाचणीत त्याची उत्तरं एका नियमाने चुकली होती: सारणीत त्याने फक्त ग्रॅमचा रकाना वाचला होता. आता त्याला काय शिकवायचं ते माहीत होतं. समान आकारमानाचे, वेगवेगळ्या पदार्थांचे ठोकळे त्याच्या हातात द्यायचे, तिथून सुरुवात.

पेपर परत देताना आधी फक्त शेरे दिले, गुण नाहीत. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात फक्त शेरे मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं, शेऱ्यांसोबत गुणही मिळालेल्यांचं नाही. मुलं आकडा पाहतात आणि शेरा वाचत नाहीत, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. मुलांनी एक उत्तर सुधारून लिहिलं, त्यानंतर गुण सांगितले.

चौथ्या मुलीची आई भेटायला आली. मुलगी १९ वरून १२ वर आली, चाचणीच चुकीची असणार, असं तिला वाटत होतं. शिक्षिकेने ठोकळ्याचा प्रश्न तिच्यासमोर ठेवला, मग मुलीचं सुधारलेलं उत्तर दाखवलं. आईचा एक प्रश्न मात्र रास्त होता: अशा प्रश्नांचा सराव मुलांना आधी का दिला नाही? तो दिला नव्हता हे खरं आहे. प्रश्नाचा अनोळखी घाट हाही नको ते मोजतो. पुढच्या घटकापासून अशा घाटाचे दोन-तीन प्रश्न वर्गातच, बिनगुणांचे, आधी सोडवून घ्यायचे असं ठरलं. ठोकळ्याचा प्रश्न मात्र पुढच्या वर्षी जसाच्या तसा चालणार नाही, उत्तर पाठ होऊन बसेल. कल्पना तीच ठेवून वस्तू आणि प्रसंग दरवर्षी बदलावे लागतील, आणि हे काम सोपं नाही.

एक प्रश्न अजून लोंबकळतो आहे. सातवीच्या दुसऱ्या तुकडीने जुनीच चाचणी दिली आहे, आणि दोन्ही तुकड्यांचे गुण एकाच गुणपत्रकात, एकाच रकान्यात जाणार आहेत. ते दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहण्याजोगे नाहीत. दुसऱ्या तुकडीला सारणी आणि ठोकळा हे दोनच प्रश्न द्यावेत, आणि ते होईपर्यंत या घटकाचा रकाना दोन्हीकडे रिकामा ठेवावा, असं विज्ञानाच्या शिक्षिकेने मुख्याध्यापकांकडे लेखी मागितलं आहे.